गीता ३.३८ : धूर गुरुवारी दिसला



परवा आपण अर्जुनाचा प्रश्न वाचला (३.३६). मनात नसताना, कुणीतरी मानेला धरून ढकलल्यासारखा माणूस पापाकडे का जातो? काल कृष्णाचं उत्तर वाचलं (३.३७). हा काम आहे, हा क्रोध आहे, रजोगुणातून जन्मलेला आणि कधीच पोट न भरणारा. आजच्या श्लोकात तीन उपमा आहेत. धुराने अग्नी झाकतो, धुळीने आरसा झाकतो, वेष्टनाने गर्भ झाकतो, तसं या कामक्रोधाने 'हे' झाकलं आहे. 'हे' म्हणजे काय ते इथे सांगितलेलं नाही. पुढच्या श्लोकात कळतं की ते ज्ञान.

श्लोक सोपा आहे. शाळेत असताना पाठांतर स्पर्धेत म्हटलेला आहे, बक्षीसही मिळालंय. पण त्यातला धूर मला गेल्या शनिवारी समजला, एका डोंगरावर, बाबांसोबत. त्यामुळे आजचं लिखाण नेहमीपेक्षा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी गुरुवारचं सांगतो. ते लपवून पुढचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

आई-बाबा मे महिन्यात पुण्याहून आमच्याकडे आलेत, सिएटलजवळ. बाबा ६९ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेले. गुरुवारी माझी ऑन-कॉल होती. रात्री साडेनऊला प्रॉडक्शनमध्ये गडबड झाली. कॉलवर अकरा जण, स्क्रीन माझी शेअर केलेली, आणि नेट गेलं. बाहेर येऊन बघतो तर बाबा हॉलमध्ये उभे, हातात राउटरची वायर. इथल्या प्लगला आपल्यासारखं बटण नसतं, म्हणून त्यांनी सरळ वायरच उपटली होती.

मी काय बोललो ते शब्दशः लिहीत नाही. कितीदा सांगायचं, कळत नसेल तर हात लावू नका, तुम्ही आल्यापासून मला एक दिवस नीट काम करता आलेलं नाही, असं सगळं. शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं आणि तेच मी सगळ्यात मोठ्याने बोललो. मुलगी झोपेतून दचकून उठली. बाबांनी वायर परत लावली, "बरं" म्हणाले आणि खोलीत गेले.

शुक्रवार त्या 'बरं'मध्येच गेला. बाबा, चहा? बरं. बाबा, खाली चक्कर मारून येता का? बरं. ज्यांच्या घरी असे वडील आहेत त्यांना माहीत असेल, हे 'बरं' शिवीपेक्षा जड असतं. आणि दीड महिन्यापूर्वी मीच तुम्हाला २.६२-६३ मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं! विषयांचं चिंतन, मग आसक्ती, मग काम, मग क्रोध, मग मोह, मग स्मृती जाते, मग बुद्धी, मग सगळंच. फ्लोचार्ट काढून दाखवला होता. गुरुवारी त्या फ्लोचार्टचा पहिला चौकोन मला दिसलाच नाही. शेवटचा दिसला, तोसुद्धा मुलगी रडायला लागल्यावर.

शनिवारी माउंट रेनियर नॅशनल पार्कला जायचं आधीच ठरलेलं होतं. मी रद्द करू म्हणत होतो. आई म्हणाली, "दशम्या करून ठेवल्यात, आता रद्द-बिद्द काही नाही." झालं.

आमच्या घरापासून दोन-अडीच तासांचा रस्ता. सनराइज नावाची जागा आहे तिथे, ६,४०० फुटांवर, गाडी थेट वर जाते. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे गाडीतून उतरलो तेव्हाच आम्ही कळसूबाईच्या हजार फूट वर होतो. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "पण चढलो कुठे?" दोन दिवसांतलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती, बायको आणि मुलगी सनराइजच्या कुरणातच थांबल्या. जुलै संपत आला होता, कुरणात जांभळी-तांबडी रानफुलं होती. आईने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा दोघं. घाई करू नका." तिने कुणाशी काही विचारविनिमय केलेला नव्हता. आयांचं हे असं असतं.

आम्ही निघालो माउंट फ्रीमाँटच्या टेहळणी-चौकीकडे. जाऊन-येऊन ५.६ मैल, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर. चढण बेताची. बाबा पुण्यात रोज पर्वती चढतात, त्यामुळे काळजी नव्हती. आधी सावरडो रिजचा चढ, मग फ्रोझन लेक. तळं छान आहे, काठाला बर्फ शिल्लक होता, पण जवळ जाता येत नाही, कुंपण आहे. सनराइजचं पिण्याचं पाणी तिथून येतं. पाटबंधारेवाला माणूस कुंपणापाशी थांबणारच. पाच मिनिटं बाबा तळ्याकडे नुसते बघत राहिले. मी पुढे जाऊन उभा राहिलो, मोबाइल काढला, रेंज नव्हती, परत ठेवला.

त्यापुढे पाच वाटा फुटतात. आपली वाट उत्तरेकडे, डोंगराच्या कडेकडेने. झाडं संपतात. नुसते फुटके दगड, आणि डावीकडे मागे वळून पाहिलं की अख्खा रेनियर, १४,४१० फूट, अंगावर हिमनद्या घेऊन बसलेला. इतका जवळ की तो डोंगर न वाटता भिंतच वाटते. मार्मोट नावाचा प्राणी इथे शिट्टी मारतो, अगदी माणसासारखी. बाबांनी दोनदा मागे वळून पाहिलं, कुणी बोलावतंय का म्हणून. दुसऱ्यांदा आम्ही दोघंही हसलो. मग परत गप्प.

चौकी दिसते ती अचानक. ७,१८१ फुटांवर, कड्याच्या टोकाशी ठेवल्यासारखं दुमजली लाकडी घर. वरच्या मजल्याला चारी बाजूंनी खिडक्या, भोवती गॅलरी. १९३०च्या दशकात बांधलेलं. आत जाता आलं नाही, पण गॅलरीत बसता येतं. समोर खाली ग्रँड पार्क नावाचं मोठं सपाट पठार, त्यापलीकडे जंगल, आणि नजर पोचेल तिथपर्यंत नुसतं जंगलच.

या चौक्यांचा इतिहास मी आदल्या रात्री वाचून ठेवला होता. झोप येत नव्हती, आणि बाबांशी बोलायला काहीतरी विषय हवा होता. तो थोडक्यात सांगतो, कारण श्लोकाशी त्याचा संबंध आहे.

१९१० सालच्या ऑगस्टमध्ये, २० आणि २१ तारखेला, आयडाहो आणि मोंटाना या भागांत सुटलेल्या वाऱ्याने आधीच धुमसत असलेल्या शेकडो लहान-मोठ्या आगी एकत्र केल्या. दोन दिवसांत साधारण ३० लाख एकर जंगल जळालं. ऐंशीच्या वर माणसं गेली, बहुतेक आग विझवायला गेलेली. त्यानंतर इथल्या वन खात्याने एकच ध्यास घेतला, आग लहान असतानाच गाठायची. त्यासाठी उंच जागी माणूस बसवायचा. पुढच्या तीसेक वर्षांत देशभर अशा हजारो चौक्या उभ्या राहिल्या. उन्हाळाभर एकटा माणूस चारी बाजूंच्या खिडक्यांतून जंगल न्याहाळत बसायचा. वीज कडाडायला लागली की तो एका स्टुलावर उभा राहायचा. स्टुलाच्या पायांना काचेचे इन्सुलेटर बसवलेले असायचे, म्हणजे वीज अंगातून जाऊ नये. गॅरी स्नायडर हा कवी १९५२ आणि १९५३ च्या उन्हाळ्यांत इथून उत्तरेला, कॅस्केड पर्वतरांगेतच, असा टेहळ्या म्हणून राहिला. १९५६ मध्ये जॅक केरुअ‍ॅक हा लेखक ६३ दिवस डेसोलेशन पीकवर होता. दोघांनाही बौद्ध साधनेची ओढ होती, त्यामुळे एकांत त्यांनी मागूनच घेतला असणार. आता विमानं आहेत, उपग्रह आहेत, कॅमेरे आहेत, बहुतेक चौक्या ओस पडल्या किंवा पाडल्या गेल्या.

मला आवडलेली गोष्ट म्हणजे टेहळ्याचं मुख्य काम आग विझवणं नव्हतं. जवळपास लहानशी आग दिसली तर तो फावडं घेऊन जायचाही, पण नेमणूक पाहण्यासाठी होती. धूर दिसला की दिशा मोजायची आणि फोनवर कळवायची. त्यासाठी मधोमध एक यंत्र असायचं, ऑस्बोर्न फायर फाइंडर. गोल टेबलावर त्या भागाचा नकाशा, केंद्रात आपली चौकी, भोवती अंशांच्या खुणा असलेलं कडं. कड्यावर समोरासमोर दोन पट्ट्या. एकीत डोळा लावायचं भोक, दुसरीत घोड्याचा ताणलेला केस. कडं फिरवत राहायचं, केस धुराच्या बरोबर मधोमध आला की थांबायचं आणि अंश वाचायचे.

हे मी बाबांना गॅलरीत दशमी खाताना सांगत होतो, काहीतरी बोलायचं म्हणून. आणि एकदम बाबा जागे झाले.

"अरे, हे तर प्लेन टेबल!"

मग त्यांनी मला समजावलं. १९७८-७९ साली ते कालव्याच्या सर्व्हेला असायचे. तिपाईवर पाट, पाटावर कागद, कागदावर अ‍ॅलिडेड म्हणजे रोखून बघायची पट्टी. लांबचं देऊळ किंवा झाड रोखायचं आणि कागदावर रेघ ओढायची. ट्रेकिंगची काठी घेऊन त्यांनी खालच्या धुळीत रेघ मारली.

"आता सांग, देऊळ कुठे आहे?"

"या रेघेवर."

"रेघेवर कुठे?"

मी गप्प. त्यांनी थोड्या अंतरावर दुसरा ठिपका काढला, तिथून दुसरी रेघ मारली. पहिलीला छेदून गेली.

"इथे. एका जागेवरून फक्त दिशा कळते. अंतर कळत नाही. दुसऱ्या ठिकाणाहून कुणीतरी बघावं लागतं." मग लांबवरच्या डोंगरांकडे काठी करून म्हणाले, "म्हणजे यांच्याही चौक्या एकमेकींना दिसेल अशा ठिकाणी असणार. एकट्या चौकीचा उपयोग निम्मा."

त्यांचं बरोबर होतं. दोन-तीन चौक्यांवरून अंश आले की ऑफिसात बसलेला माणूस नकाशावर दोरे ताणायचा. दोरे जिथे छेदतात तिथे आग.

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या डोक्यात लगेच आलं की आपण एकाच मेट्रिकवर अलर्ट लावतो आणि मग रात्रभर चुकीच्या सर्व्हरमागे धावतो. पण ते बोललो नाही. मी बोललो ते वेगळंच. म्हणालो, "बाबा, या टेहळ्यांना अजून एक भानगड असायची. वीज पडते तेव्हा लगेच आग दिसतेच असं नाही. झाडाच्या आत, मुळाशी ती धुमसत राहते. कधी दोन दिवस, कधी आठवडा, कधी त्याहून जास्त. मग ऊन पडतं, वारा सुटतो आणि धूर वर येतो. म्हणून वीज कुठे-कुठे पडली ते वादळातच नकाशावर टिपून ठेवायचे, आणि नंतर कितीतरी दिवस त्याच जागांवर नजर ठेवायचे."

बाबांनी दशमीचा घास संपवला. पाणी प्यायले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "गुरुवारी धूर दिसला. वीज कधी पडली होती?"

मंडळी, मी गेली चार वर्षं इथे रोज श्लोक लिहितोय. कुणीही मला इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही.

मी म्हणालो, "कामाचा ताण होता." ते काही बोलले नाहीत. मग म्हणालो, "ऑन-कॉल असली की झोप होत नाही." त्यावरही ते गप्प. या सगळ्या माझ्या चौकीवरून ओढलेल्या रेघा होत्या. खोट्या नव्हत्या, दिशा बरोबर होती. मग ते बोलले.

"तू सोमवारपासून जेवताना फोन पालथा ठेवतोस. आधी नाही ठेवायचास. मंगळवारी छकुलीने गोष्ट सांग म्हटलं तर तीच गोष्ट दोनदा सांगितलीस, तुला कळलंही नाही. बुधवारी रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात नुसता उभा होतास. मी पाणी प्यायला आलो होतो, परत गेलो."

ही त्यांची रेघ. दोन्ही जिथे छेदल्या तिथे सोमवार होता. सोमवारी आमच्या टीममधल्या सहा जणांना काढलं. माझ्या शेजारी बसणारा गेला. माझं नाव पुढच्या यादीत असेल का, माहीत नाही. इथे व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान आवरायचं. हे मी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आई-बाबा हौसेने आलेत, कशाला त्यांच्या जिवाला घोर, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं कारण मला वाटतं अभिमान. इंजिनिअर झालो, अमेरिकेत गेलो, त्या मुलाने वडिलांना हे कसं सांगायचं?

सांगितलं. तिथेच गॅलरीत, डोंगराकडे बघत.

आता श्लोकाकडे येऊ, कारण इथे एक घोळ आहे आणि तो सोडवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. टेहळ्यासाठी धूर ही खूण आहे. धूर दिसला म्हणून आग कळली. न्यायशास्त्रातलं प्रसिद्ध उदाहरणही हेच, पर्वतावर धूर आहे म्हणजे तिथे अग्नी आहे. पण ३.३८ मध्ये कृष्ण उलटं सांगतो. धूर अग्नी झाकतो. आणि तिथला अग्नी वाईट नाही, तो ज्ञानाच्या जागी आहे. धूर म्हणजे कामक्रोध. मग माझं हे फायर लुकआउटचं रूपक श्लोकाला लावायचं की नाही? शनिवारी रात्रभर मी यावर अडलो होतो. ओढून-ताणून लावलेली रूपकं मला आवडत नाहीत, आपल्या प्रवचनांत ती भरपूर झालीत.

पण गॅलरीत अजून एक गोष्ट घडली होती. मी म्हटलं, "बाबा, गुरुवारी चुकलं माझं." आमच्या घरात 'माफ करा' वगैरे म्हणायची पद्धत नाही, एवढंच जमतं. ते म्हणाले, "पाणी पी, ऊन लागतंय." मी पाणी प्यायलो. मग मी विचारलं, जे गुरुवारीच विचारायला हवं होतं. "पण तुम्ही वायर काढली कशाला?"

"तो डबा हाताला गरम लागला रे. पडद्याला टेकून होता. तुमची ही घरं लाकडाची. आणि पलीकडे छकुली झोपलेली."

राउटर गरम होतोच, ते मला माहीत आहे. त्यांना माहीत नव्हतं. पण पडद्याला टेकलेली गरम वस्तू बंद करायची, एवढं शहाणपण कोणत्याही टेहळ्याला शोभेल. आणि हे कळायला मला गुरुवारी किती वेळ लागला असता? पाच सेकंद. "बाबा, काय झालं?" एवढे तीन शब्द. ते ज्ञान तिथेच होतं, माझ्यापासून दोन हातांवर, वायर हातात धरून उभं. दिसलं नाही, कारण मध्ये धूर होता. आणि तो धूर माझा होता. म्हणजे श्लोक जसाच्या तसा लागू होतो, रूपक वाकवायची गरज नाही. बाबांच्या चौकीवरून धूर ही खूण होती, पोराचं काहीतरी बिनसलंय याची. माझ्या जागेवर मात्र तोच धूर डोळ्यांत गेला होता. जो धुरात उभा असतो त्याला आग कुठे आहे ते दिसत नाही, आणि आसपासचं दुसरं काहीही दिसत नाही.

म्हणून तर मला ताटीच्या अभंगांची गोष्ट आठवली. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव दार लावून आत बसले, आणि धाकटी मुक्ताई बाहेरून ताटी उघडा म्हणत राहिली. साक्षात ज्ञानेश्वरांना बाहेरून दुसरी रेघ लागली, तीही वयाने लहान असलेल्या बहिणीची. मग आपण कोण?

माउलींनी ज्ञानेश्वरीत याच श्लोकावर बोलताना चंदनाच्या मुळाला विळखा घातलेल्या सापाची उपमा जोडली आहे. ती मला फार नेमकी वाटते. साप चंदनाजवळ येतो तो सुगंधासाठी, असं आपण म्हणतो. माझा राग तरी कशाभोवती गुंडाळला होता? घराच्या काळजीभोवतीच. मूळ वाईट नव्हतं, पण हात घालायची सोय राहिली नव्हती.

काही टीकाकार तीन उपमांत तीन पायऱ्या पाहतात. धूर वाऱ्याच्या एका झुळकीने जातो, आरशावरची धूळ पुसावी लागते, गर्भाचं वेष्टन दिवस भरल्याशिवाय सुटत नाही. मला वाटतं गुरुवारचा माझा राग धूर होता, शुक्रवारी गेलासुद्धा. पण ती सांगायची नाही ही सवय, ती धूळ आहे, वर्षानुवर्षांची. आणि 'मी कधी हरत नाही' हे जे काही आहे त्याला किती महिने लागतील, देव जाणे.

"मग राग दाबायचा का दादा?" हे तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, दर वेळी विचारता. तर ऐका. १९३५ साली इथल्या वन खात्याने नियम केला, कुठलीही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजायच्या आत ती विझलीच पाहिजे. ऐकायला किती छान! चाळीसेक वर्षं हेच धोरण चाललं. झालं काय, तर जी लहान आग दर काही वर्षांनी पालापाचोळा आणि काटक्या जाळून जायची, तीही बंद झाली. अनेक जंगलांत सरपण साचत गेलं. मग एखादी ठिणगी निसटली की जी आग लागते ती कुणाला आवरत नाही. १९७०च्या दशकात त्यांनी तो नियम सोडला. पाच श्लोक मागे जा, ३.३३ पाहा. ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तिथे नुसता निग्रह काय करणार, असं कृष्ण स्वतः विचारतो. आणि लगेच ३.३४ मध्ये म्हणतो की रागद्वेषांच्या ताब्यात जाऊ नकोस. दोन्ही एकाच श्वासात. मी सोमवार ते गुरुवार सकाळी दहाचा नियमच पाळत होतो. रोज ऑफिसला जायच्या आधी सगळं विझवून, चेहरा नीट करून.

अजून एक छोटी गंमत, मग थांबतो. पाऊस पडून गेला की जंगलातून धुक्याचे पुंजके वर येतात, हुबेहूब धुरासारखे. नवा टेहळ्या फसतो आणि फोन करतो. जुने लोक त्यांना 'वॉटर डॉग', पाण्याचे कुत्रे, म्हणायचे. थोडा वेळ बघत राहायचं. पुंजका जागा सोडून तरंगत गेला तर धुकं. एकाच जागेतून परत परत येत राहिला तर धूर. मी गेले चार दिवस हे स्वतःवर करून बघतोय. स्टँडअपमध्ये कुणी काही लागेल असं बोललं, आत काहीतरी वर आलं, लगेच नाव द्यायचं नाही. बघायचं. बहुतेक तरंगत जातं. मंगळवारी एक गेलं नाही, तर रात्री बायकोला सांगितलं, असं-असं झालं, तुला काय वाटतं? तिची रेघ फार वेगळी आली. ते इथे लिहीत नाही.

उतरताना बाबा पुढे होते. फ्रोझन लेकपाशी परत थांबले, कुंपणाला टेकून म्हणाले, "साठ दिवस म्हणजे पुष्कळ असतात. आम्ही एका पावसाळ्यात अख्खा कालवा आखलाय." मग थोडं चालून, "आणि नाहीच जमलं तर पुण्याचं घर आहेच." एवढंच. सनराइजला पोचलो तेव्हा आईने आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि पिशवीतून लाडू काढले. म्हणजे लाडू आधीपासून होते, ते डब्यात दिले नव्हते.

बायकोला त्याच रात्री सगळं सांगितलं. ती रागावली. नोकरीवरून नाही, सोमवारपासून सांगितलं नाही म्हणून. योग्यच आहे.

रविवारी मी आणि बाबांनी मिळून राउटर पडद्यापासून लांब, कपाटाच्या वर ठेवला. आता रोज रात्री झोपायच्या आधी बाबा स्टूल ओढतात, वर चढतात आणि त्याला एकदा हात लावून बघतात. मी स्टूल धरतो.

उद्या ३.३९. तिथे अग्नी पुन्हा येतो, पण या वेळी तो वेगळा आहे, कधीच तृप्त न होणारा. आज ३.३३ ते ३.३८ सलग एकदा वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी!